डावीकडची खाच

गालिच्याच्या कडा शिवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. गालिचा पायाखाली असतो तोवरच मऊ. मांडीवर घेतला की तो टोचतो, ढुसण्या देतो, अंगाला खाज आणतो आणि वर लोकरीचं तूस सोडतो ते वेगळंच. मावशींच्या दोन खोल्यांत हे तूस कुठे नव्हतं ते विचारावं. उशीवर होतं, साखरेच्या डब्यात होतं, चष्म्याच्या बिजागरीत होतं. कधी निळं, कधी विटकरी, दुकानातून ज्या रंगाचे तुकडे येतील त्या रंगाचं. नाक शिंकरलं की आज घरात कुठलं काम चाललंय ते रुमालावर कळतं, असं मास्तर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मावशींना हा विनोद पहिल्यांदा आवडला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

मावशी म्हणजे सगळ्या इमारतीच्या मावशी, आणि मास्तर त्यांचे यजमान. मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते गालिचे बसवणारे. शहरात आज जे कोणी हे काम करतात त्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली तयार झाले, म्हणून मास्तर. हे काम माणूस उभ्याने करत नाही. चाळीस वर्षं ते लोकांच्या घरात गुडघ्यांवर रांगले आणि गुडघ्याच्या ढुशीने गालिचे ताणून भिंतीपर्यंत नेत राहिले. गालिचे सगळे ताणून बसले, गुडघे तेवढे कामातून गेले. मग दुकानाने घरी तुकडे पाठवायला सुरुवात केली. मोठे गालिचे बसवून झाले की जे उरतं ते: पलंगाशेजारी टाकायला, दाराशी घालायला, गाडीत पायांखाली. कापलेली कड उघडी राहिली तर महिन्याभरात उसवते. म्हणून मास्तर आकडी सुरीने ती सरळ करत, मावशी तिच्यावरून डिंकाचा हात फिरवत, डिंक वाळला की मशीनवर पट्टी बसवत, आणि कोपरे मात्र दाभणाने, हाताने. कोपऱ्यात मशीनची काही डाळ शिजत नाही.

कामाचं एक सोडा, त्याची सवय होते. मावशींना दमवलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने.

गेल्या वर्षी एकदा त्या भाजी घेऊन आल्या तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेल्या. मास्तर खिडकीशी शांतपणे पातं पुसत बसले होते. शेगडीचा खटका पूर्ण उघडा, आणि वर चहाचं आधण, तेही थंडगार. मावशींनी खटका बंद केला, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात मास्तरांना काय झालंय ते कळलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मावशींना बघवेना. मास्तरांचे वडील शेवटची सहा वर्षं एका खुर्चीत बसून होते. सुनेला ते ‘बाई, तुम्ही कुणाच्या?’ असं रोज विचारत, आणि ती सून म्हणजे मावशीच. मास्तरांच्या डोळ्यांत ती खुर्ची दिसली तशा मावशी बोलून गेल्या, “अहो, मीच चालू ठेवून गेले. माझं मेलीचं लक्षच नसतं हल्ली.” मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या एका श्वासासाठी मावशींनी मग वर्षभर खोटं बोलण्याचा सपाटा लावला.

चष्मा पावाच्या डब्यात सापडला, तो त्यांनीच ठेवला होता. दोनदा चहात मीठ पडलं, ते त्यांनीच टाकलं होतं. मास्तर खाली फिरायला जाऊन मजला चुकले आणि वरच्यांच्या दाराची कडी वाजवत राहिले, तर त्या दिवशी जिन्यातला दिवा गेला होता. दिवा चांगला लख्ख चालू होता. लांब राहणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं तर बाबा ठणठणीत. डॉक्टरांना दाखवायचं तर मास्तरांना कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. खोटं बोलायला एवढं काही लागत नाही. ते लक्षात ठेवायला लागतं. शिवाय डोळ्यांत तेल घालून मागोमाग फिरायचं, गॅस दोनदा बघायचा, दाराची किल्ली बघायची, त्यांनी गुडघेदुखीची गोळी घेतली की नाही ते पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून ताडायचं, आणि हे सगळं त्यांना न दिसेल असं. मावशींना कधीकधी वाटायचं, सांगून टाकावं एकदा सगळं खरं आणि पाय पसरून झोपावं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

एक गोष्ट मात्र मास्तरांची अजून जागच्या जागी होती. सुरी. पट्टी लावून सुरी ओढायला बसले की समोरचा माणूस पूर्वीचाच. चाळीस वर्षांत आणि त्यावरच्या नऊ वर्षांत त्यांचा काप चुकला नव्हता, बोटभरही नाही. कधी मनाला शंका चाटून गेली की ते एखादा तुकडा उगाचच मापून बघत, चारी कोन पट्टीला लागलेले बघत आणि त्यांच्या कपाळावरची आठी मोडायची. जोवर काप सरळ येतोय तोवर आपलं डोकं शाबूत आहे, एवढ्यावर त्यांचा सगळा डोलारा उभा होता. मावशींना हे पक्कं ठाऊक होतं. त्या सुरीला देवासारखं जपायच्या.

अशात ते मोठं काम आलं. घेऊन आला ढांग्या. ढांग्या म्हणजे मास्तरांचा जुना चेला, आता दुकानाचा मुख्य कारागीर. चालताना एवढ्या लांब ढांगा टाकायचा की पहिल्याच आठवड्यात नाव पडलं, आणि आता त्याचेही केस पिकायला आले तरी ते सुटलं नव्हतं. शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा एक उरलेला मोठा तुकडा होता. एका घरातल्या बैठकीच्या खोलीत तो बसवायचा होता, पण त्या खोलीत एक खांब भिंतीतून पुढे आलेला. तेवढी खाच गालिच्याला लांब बाजूने हवी, उजव्या टोकापासून हातभर आत, आणि मग सगळ्या कडेने पट्टी. खोलीवर जाऊन ढांग्याने कागदाचा साचा कापून आणला होता. दुकानात कुणावर भरवसा नाही, मास्तरांनीच कापावं, असं तो म्हणाला. मास्तर दोन दिवस त्या वाक्यावर चालत होते.

आता हा साचा लावण्यात एक मेख असते. गालिचा कापतात तो पाठीकडून. वरून सुरी घातली तर लोकर छाटली जाते, आणि वरून खडूही उमटत नाही. म्हणून गालिचा पालथा घालायचा आणि त्याच्या पाठीवर साचा ठेवून आखायचा. पण गालिचा पालथा म्हणजे साचाही पालथाच हवा. तो सरळ ठेवला तर डावं ते उजवं होतं. चौकोनी तुकड्याला काही फरक पडत नाही. खाचेच्या तुकड्याचा मात्र सत्यानाश. मास्तर त्यासाठी साच्याच्या वरच्या बाजूला लाल पेन्सिलीने ठळक ‘वर’ असं लिहून ठेवत. आखताना ते अक्षर दिसता कामा नये. हाताखालच्या पोरांना त्यांनी सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट ही.

त्या दिवशी सकाळपासून मास्तरांचे गुडघे धरले होते. मावशींनी टेबल ढकलत दाराबाहेर नेलं, जमिनीवर गालिचा पालथा पसरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी खोली त्याने भरून गेली. मास्तर खाली बसायला लागले तर मावशी म्हणाल्या, तुम्ही बसा खुर्चीवर, आखते मी, कापायच्या वेळी या खाली. एवढंच त्यांचं डोकं चाललं. आदल्या रात्री झोप नव्हती, सकाळी गोळ्यांचं पाकीट सापडत नव्हतं, ते शेवटी बुटात मिळालं. तेही त्यांनीच ठेवलं होतं, हे ओघाने आलंच. साचा पसरून त्यांनी चारी टोकांना डबे ठेवले आणि खडू ओढायला लागल्या. मास्तर खिडकीशी सुरीचं पातं बदलत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “कागद उलटा घातलास ना?”

“हो हो,” मावशी म्हणाल्या.

हे ‘हो हो’ मावशी दिवसातून पन्नास वेळा म्हणायच्या. दूध आलं का, हो हो. आज गुरुवार ना, हो हो. प्रश्न कानाच्या आत जायचाच नाही, उत्तर बाहेरच्या बाहेर जायचं. आखून झालं तसे त्यांनी डबे उचलले, साचा गुंडाळून ठेवला, आणि मास्तर खडूच्या रेघेवर बसले. काप असा आला की बघत राहावं. खाचेचे आतले दोन कोन तर कागद कापावा तसे. मास्तरांनी स्वतःच्याच कामावरून तळवा फिरवला आणि चहा मागितला.

पुढचे चार दिवस मावशींनी त्या धुडाशी झुंज दिली. टेबल परत आत आलं होतं, त्यामुळे गालिचा पसरायला जागा नव्हती. गुंडाळीतून एकेक हात बाहेर काढायचा, डिंक लावायचा, वाळवायचा, मशीनवर घ्यायचा. पट्टी बसवताना गुंडाळीचं वजन मास्तर खांद्यावर तोलून धरत. खाचेचे आतले कोपरे हाताने करताना दाभण दोनदा मोडलं आणि मावशींच्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ढांग्याची गाडी येऊन गालिचा घेऊन गेली तेव्हा खोलीत शेवाळी तूस सोडून काही उरलं नव्हतं. मावशी जमिनीवरच आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढांग्या परत आला. खांद्यावर तीच गुंडाळी. आत आला, ती भिंतीला टेकवून ठेवली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी भांडं हातातच. मास्तरांकडे न बघता तो मावशींकडे बघायला लागला. मग त्याने जमिनीकडे बघत सांगितलं की माप अगदी बरोबर आहे, काम एक नंबर आहे, फक्त खाच डावीकडे आली आहे आणि खांब उजवीकडे आहे.

मास्तरांनी गुंडाळीची दोरी सोडली, दारापर्यंत मावेल तेवढा गालिचा सुलटा पसरला आणि गुडघे धरले असूनही खाली बसले. खाचेत त्यांनी तळहात ठेवला. ढांग्याने साचा सोबत आणला होता, पण तो उघडायची गरजच पडली नाही.

“माझी चूक,” मास्तर म्हणाले.

मावशींनी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते लाल अक्षर त्यांना आता लख्ख आठवत होतं. खडू ओढताना ते सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तोंड उघडलंही. पण ढांग्या उभा होता, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना बरं वाटलं. वर्षभर ह्यांच्या चुका अंगावर घेतल्या, एक आपली त्यांच्या अंगावर गेली तर काय झालं, असं काहीतरी मनात येऊन गेलं. तो क्षण गेला तोवर ढांग्या बोलायला लागला होता. त्या घरचे लोक दुसरा रंग घेणार होते, ह्या तुकड्याचे दोन करून विकता येणार होते, कुणी रागावलेलं नव्हतं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. जाताना दारात तो म्हणाला की शेठ बोलले, यापुढे मास्तरांकडे सरळ तुकडेच पाठवा, या वयात त्यांना कशाला त्रास. ढांग्याने हे प्रेमाने सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि त्याला जिना सांभाळून उतर म्हणाले.

तो गेल्यावर मास्तर खिडकीशी जाऊन बसले. मावशींनी चहा केला, त्यांनी घेतला नाही. शेवटी मावशी समोर स्टूल घेऊन बसल्या.

“अहो, ती चूक माझी आहे.”

“हं.”

“हं काय? साचा मी घातला. सरळच घातला. अक्षर वर होतं.”

“बरं.”

“माझ्याकडे बघा तरी. तुम्ही फक्त रेघेवर कापलंत. रेघच चुकीची होती.”

मास्तरांनी बघितलं. ते रागावलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क थोडं हसू होतं, आणि ते बघून मावशींना धडकी भरली.

“गॅस तू चालू ठेवलास,” मास्तर म्हणाले. “चष्मा डब्यात तू ठेवलास. चहात मीठ तू टाकलंस, जिन्यातला दिवा गेला होता. या घरात वर्षभरात माझ्या हातून एकही चूक झालेली नाही बघ. सगळ्या तुझ्याच.”

म्हणजे हे मास्तरांना ठाऊक होतं. सगळं नाही तरी बरंचसं. एवढी जिवाची ओढाताण केली ती कुणापासून लपवायला, हेच मावशींना समजेना.

“ते खोटं होतं,” त्या म्हणाल्या. “हो, खोटं बोलले मी. पण हे खरं आहे.”

“प्रत्येक वेळी खरंच असतं.”

“तुमची शपथ.”

“गॅसच्या वेळी पण घेतली होतीस.”

घेतली होती. मावशींना आठवलं. मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली आणि हुरूप आला. पुरावा होता की. त्या भराभर सांगायला लागल्या: तुम्ही विचारलंत मला. पातं बदलत होतात, इथेच बसून, आणि विचारलंत की कागद उलटा घातलास ना. तुमच्या लक्षात होतं सगळं. मीच ऐकलं नाही धड, नुसतं हो म्हटलं. तुमचं डोकं चांगलं जागेवर होतं, माझंच नव्हतं.

मास्तर विचार करायला लागले. डोळे बारीक करून, खिडकीच्या चौकटीकडे बघत, मनापासून. मावशी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ बघत होत्या. आठवू दे एवढं, त्या मनात म्हणत होत्या, बाकी सगळं विसरले तरी चालेल.

“मी विचारलं?”

“हो. याच जागी.”

“मला नाही आठवत.”

“अहो, पाच दिवसांपूर्वी.”

“तेच म्हणतोय. विचारलं असतं तर आठवलं असतं. आणि विचारूनही आठवत नसेल, तर मग बोलायलाच नको.”

मावशींनी हातात दिलेला पुरावा मास्तरांनी नीट तपासून आपल्याच विरुद्ध लावला होता, आणि त्यात कुठे चूक काढायला जागा नव्हती. या बाबतीत डोकं अजून किती धारदार आहे, हे सांगूनही त्यांना पटणार नव्हतं.

मास्तर उठले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पुठ्ठ्याचा खोका काढला, पात्यांची पाकिटं, लोखंडी पट्टी, खडू असं एकेक बघून त्यात नीट लावलं. सुरीचं पातं आत सारून ती सगळ्यात वर ठेवली. खोका त्यांनी मावशींच्या मशीनशेजारी आणून ठेवला.

“उद्यापासून कापायचं तू,” ते म्हणाले. “सरळच यायचेत तुकडे, जड नाही जाणार. मी डिंक लावत जाईन. तुझं लक्ष असतं, माझं आता नाही राहत.”

“माझंही नसतं हो लक्ष,” मावशी म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की त्यांनाच ऐकू आला असेल नसेल. “मी फार दमलेय.”

मास्तर त्यांच्यापाशी आले. गुडघे धरून, स्टुलाचा आधार घेत, सावकाश त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बायकोचा सोललेला अंगठा त्यांनी हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

“दमणारच,” ते म्हणाले. “वर्षभर एकटी खेचतेयस. माझ्यासाठी एवढं खोटं बोलायचं म्हणजे काय सोपं आहे?”

वर्षभरात कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. मावशींना रडू फुटलं. थांबवायला गेल्या तर जास्तच आलं; खांदे हलायला लागले, पदर तोंडाला लावला तरी हुंदके आवरेनात. रडता रडता त्या मान हलवून नाही नाही म्हणत होत्या, या वेळचं खोटं नव्हतं हे सांगायला. मास्तरांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ते तसेच जमिनीवर बसून बायकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“असू दे,” ते म्हणाले. “कळलं मला.”